मारुतीच्या कमरेपर्यंत

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे नाशिककराला सांगून उपयोग नसतो. तो विचारतो, "म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत?" रामकुंडाजवळ पात्रातच उभा असलेला हा मारुती म्हणजे आमची पूरपट्टी. पाणी गुडघ्याला लागलं तर त्यात काय विशेष. कमरेला आलं की काठावरचे दुकानदार आवराआवर करतात, आणि गळ्याशी आलं की उरलेलं गाव मोबाईल घेऊन बघायला जातं. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या उंच घंटेचा विषय निघाला, तर समजावं की कुणी आजोबा 1969 च्या पुरावर आले आहेत.

आमच्या घरात वैतागही याच मापाने मोजतात. मी चप्पल काढायच्या आत बायको विचारते, "आज कुठपर्यंत?"

यंदाच्या जानेवारीत मी कायम छातीच्या वर होतो. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीत ऑफिसचा रस्ता खोदलेला. द्वारका चौकात रोजची ध्यानधारणा. सोसायटीची मोटार जळालेली, आणि ती कुणामुळे जळाली यावर मीटिंग. तेवढ्यात, निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आलेला असताना, गीझर गेला. नळाखाली हात धरून मी बराच वेळ उभा होतो. पाणी कोमट होतंय असं वाटे, पण ते माझा हात बधिर झाल्यामुळे.

शेजारच्या काकांनी गीझर बघितलाच नाही. "रास कोणती तुझी?"

"मीन."

"मग बरोबर आहे."

शनीला बाराही राशी फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणजे एका राशीला अडीच. आपली रास, आधीची आणि नंतरची मिळून साडेसात. 29 मार्च 2025 ला तो मीनेत शिरला, म्हणजे माझा मधला टप्पा. कंपनीची गॅरंटी दोन वर्षांची, शनीची साडेसात. काकांच्या बोलण्याने मला बरं वाटलं, हे मात्र खरं. इतक्या लांबून कुणीतरी माझ्या गीझरची दखल घेतली होती.

उपाय ठरलेला. शनिवारी मारुतीला तेल. बायकोचं मत वेगळं. "तेल घाला, पण आधी चिडायचं वेळापत्रक करा. धरणवाले कसं टप्प्याटप्प्याने सोडतात?" मी करून बघितलं. सकाळी रिक्षावाल्यावर थोडं, दुपारी कॉल सेंटरवर थोडं, मीटिंगमध्ये अध्यक्षांवर जरा जास्त. रात्रीपर्यंत बराच उतरत असे. फक्त तिच्या विसर्गाला पूर्वसूचना नसते, आणि काठावर राहणारा मी एकटाच.

शेवटी शनिवारी मेकॅनिक उगवला. "पाच मिनिटांत येतो" म्हणाल्याला आठवडा झाला होता. त्याने झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, मान हलवली. "दादा, कॉइल गेली. नवी टाकावी लागेल."

मी पायात चप्पल सरकवली. "रविवार कारंजाच्या बाजारात मिळेल ना? आत्ता आणतो."

त्याने पाने पिशवीत भरायला सुरुवात केली. "आज? शनिवारी लोखंड घेता का कुणी?"

"वा!" दारातून काका म्हणाले. "पोरगा चांगल्या घरचा दिसतो."