नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही?

‘समृद्धीवर जाण्याआधी टायरमध्ये नायट्रोजन भरा. तो थंड असतो, तापला तरी प्रसरण पावत नाही, म्हणून टायर फुटत नाही. त्यात साधी हवा चुकूनही मिसळू नका.’ उन्हाळा लागला की हा मेसेज फिरू लागतो. त्यातली शेवटची सूचना सरळसरळ धोक्याची आहे.

साध्या कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ऑक्सिजन २१ टक्के, उरलेला बहुतेक आरगॉन. पंपावरचं यंत्र हीच हवा ओढतं आणि तिच्यातला बराचसा ऑक्सिजन नि ओलावा काढून टाकतं.

‘थंड असतो’: उणे १९६ अंशांचा असतो तो द्रवरूप नायट्रोजन. नळीतून येणारा वायू भोवतालच्या तापमानाचाच असतो.

‘प्रसरण पावत नाही’: हिशेबच करू. २५ अंशांना ३३ पीएसआय (टायरचा दाब मोजायचं एकक) भरलं. वातावरणाचा १४.७ दाब धरून एकूण ४७.७. टायर ६५ अंशांपर्यंत तापला की हा दाब ३३८ भागिले २९८ (अंशांत २७३ मिळवून येणारं केल्विन तापमान) या पटीत वाढतो, म्हणजे ५४.१. वातावरणाचा दाब वजा जाऊन गेजवर साधारण ३९ दिसेल. नायट्रोजन असो वा कोरडी हवा, आकडा तोच. फरक पडतो पाण्यामुळे. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी वेळेवर सोडलं नाही तर ते टायरमध्ये जातं, तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब जास्त चढतो.

‘दाब उतरत नाही’: यात थोडं तथ्य आहे. रबरातून ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा लवकर झिरपतो. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या वर्षभराच्या चाचणीत ३० पीएसआय भरलेल्या टायरमधून हवा सरासरी ३.५ पीएसआयने उतरली, नायट्रोजन २.२ ने. शिवाय टायरमधली जुनी हवा सोडून एकदाच ९५ टक्क्यांचा नायट्रोजन भरला, तर आत जेमतेम ९० टक्केच होतो, कारण व्हॉल्व्ह उघडला तरी एक वातावरणाइतकी हवा आत राहतेच.

‘हवा मिसळू नका’: नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया व्हायला विजेचा लोळ किंवा इंजिनच्या सिलिंडरमधली उष्णता लागते. टायरमध्ये काहीच होत नाही. उलट नायट्रोजनचा पंप शोधत २२ पीएसआयवर गाडी पळवली, तर टायरची बाजू प्रत्येक फेरीत दबते, तापते, आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. मिळेल ती हवा भरा.

‘विमानात वापरतात ना’: वापरतात. तिथे ब्रेक इतके तापतात की रबरातून ज्वालाग्राही वाफा निघतात, म्हणून मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. १९८६ साली मेक्सिकोत हवा भरलेला टायर तापून फुटला, विमान कोसळलं, १६७ माणसं गेली. कारच्या टायरवर ही वेळ सहसा येत नाही.

प्रवासाआधी टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन तास उभी राहिल्यावर, दाब तपासा. आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायर कधी बनला ते कळायला टायरच्या बाजूवरचे चार अंक पाहा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. वाटेत दाब वाढलेला दिसला तरी गरम टायरमधून हवा सोडू नका. टायर गार झाल्यावर दाब गरजेपेक्षा कमी भरेल.