जीएनयू_सोर्स टाका, काही बिघडत नाही? बिघडतं!

सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरत असतो: हेडरमधलं, म्हणजे घोषणांच्या फाइलीतलं, फंक्शन सापडत नसेल तर आपल्या फाइलीत कुठेही ‘#डिफाइन _जीएनयू_सोर्स’ टाका, म्हणजे जीएनयूची जादा फंक्शनं दाखवायला सांगणारा मॅक्रो (आधीच ठरवून ठेवलेलं नाव). त्याने फक्त जादा फंक्शनं मिळतात, आधीचं काही बदलत नाही. नाही टाकलं तरी वॉर्निंगच येते, प्रोग्राम लिंक होतोच. यातलं एकही विधान टिकत नाही.

‘कुठेही टाका.’ नाही. ग्लिबसीचे, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचे, जवळपास सगळे हेडर आधी फीचर्स.एच ओढून घेतात. काय दाखवायचं नि काय लपवायचं ते तिथे एकदाच ठरतं. स्टडआयओ.एच आधी आणि मॅक्रो नंतर आला, तर तो असून नसल्यासारखा. त्याची जागा पहिल्या इन्क्लूडच्या वर, नाहीतर कंपायलरच्या कमांडलाइनवर -डी लावून.

‘आधीचं काही बदलत नाही.’ हे सगळ्यात घातक. एरर क्रमांकाचा मजकूर देणारं स्ट्रएरर_आर घ्या. पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणात, ते इंट (पूर्णांक; यश असेल तर शून्य) परत देतं आणि मजकूर तुमच्या बफरमध्ये भरतं. _जीएनयू_सोर्स लावलात की त्याच नावाचं दुसरं फंक्शन मिळतं: ते कॅरेक्टर पॉइंटर (मजकुराचा पत्ता) परत देतं, आणि ओळखीचा एरर असेल तर बहुधा बफरला हातही लावत नाही. मग ‘परत आलेलं शून्य नाही, म्हणजे चूक’ ही तपासणी दरवेळी खरी ठरते; शून्याशी पॉइंटरची तुलना कायदेशीर असल्याने कंपायलर गप्प. बफर छापलात तर कचरा. उलट मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत फक्त पॉझिक्सचाच अवतार आहे, त्यामुळे पॉइंटर गृहीत धरणारा कोड मसल वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर आपटतो.

पाथचा शेवटचा भाग देणाऱ्या बेसनेमचंही तेच. ‘/यूएसआर/लिब/’ दिलं तर लिबजेन.एचमधलं ‘लिब’ देतं, पण मूळ स्ट्रिंग बदलू शकतं. स्ट्रिंग.एचमधलं जीएनयूचं बेसनेम स्ट्रिंगला धक्का लावत नाही, पण शेवटच्या तिरप्या रेघेमुळे रिकामी स्ट्रिंग देतं.

शिवाय जितकी दारं उघडाल तितकी नावं अडतात. स्वतःच्या फंक्शनला लायब्ररीत आधीच असलेलं गेटलाइन हे नाव देऊन ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ खाल्लेल्यांना हे सांगायला नको.

‘वॉर्निंगच तर आहे.’ कंपायलरला -एसटीडी=सी११, म्हणजे काटेकोर सी११ प्रमाण, दिलं की स्ट्रिंगची प्रत काढणारं स्ट्रडुप लपतं. घोषणा नसलेलं फंक्शन इंट देतं असं जुना जीसीसी (जीएनयूचा कंपायलर) धरून चालतो. ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटरचे वरचे ३२ बिट उडतात आणि प्रोग्राम भलत्याच ओळीवर कोसळतो. जीसीसी १४ पासून हा थेट एररच आहे, आणि ते बरंच झालं.

स्ट्रडुपसाठी जीएनयूची गरजच नाही. ‘_पॉझिक्स_सी_सोर्स’ला २००८०९एल ही किंमत द्या, पुरतं. फक्त मॅकओएसवर जपून: तिथे हाच मॅक्रो अॅपलची स्वतःची जादा फंक्शनं झाकतो, ती हवी असतील तर सोबत ‘_डार्विन_सी_सोर्स’ही लागतो.