डॅशबोर्डचे तडे गोंद-सोड्याने का बुजत नाहीत

जुन्या गाड्या हौसेने बाळगणाऱ्या मराठवाड्यातील मंडळींत उन्हाळा आला की एक संदेश फिरू लागतो. डॅशबोर्डच्या व्हिनायलला, म्हणजे वरच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या आवरणाला, गेलेले तडे घरच्या घरी, दोनशे रुपयांच्या आत, कायमचे बुजवता येतात, असा त्याचा दावा आहे. कृती अशी: तडा थिनरने पुसावा, खोबरेल तेल चोळून व्हिनायल रात्रभर मऊ होऊ द्यावे, वर आलेल्या कडा हेअर ड्रायरने खाली बसवाव्यात, मग झटपट चिकटणारा गोंद आणि खाण्याचा सोडा भरून वरून चकचकीत पॉलिश मारावे. कुशनवाल्याकडे हजारो रुपये घालवण्याआधी हे करून बघायला काय हरकत आहे, असेही त्यात विचारलेले असते. हरकत आहे, कारण या कृतीने तडा बुजत नाहीच, शिवाय पुढे नीट दुरुस्ती करायची म्हटली तर तीही अवघड होऊन बसते.

तडे हा ‘देशी मालाचा दोष’ आहे, हे संदेशातले वाक्य आधी बाजूला काढू. १९८४ ते २००२ या काळात निघालेल्या कॉन्टेसा या देशी गाडीचे डॅशबोर्ड तडकतात हे खरे, पण त्याच पिढीतल्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ या जर्मन गाडीचे डॅशबोर्डही याच दुखण्यासाठी प्रसिद्ध आहेत.

आता तेल. पीव्हीसी मूळचे कडक आणि ठिसूळ असते. १९२६ मध्ये अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमन यांना ते मऊ करण्याची रीत सापडली आणि तेव्हापासून त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे मऊपणा देणारे तेलकट द्रव्य, मिसळले जाते. मात्र हे मिश्रण कारखान्यात दीडशे अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला एकजीव होते. वर्षानुवर्षे उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमधून तेच द्रव्य हळूहळू उडून जाते. समोरच्या काचेवर आतून बोट फिरवल्यावर जो धूसर, चिकट पट्टा उमटतो, त्यात त्याचा वाटा असतो. द्रव्य गेले की व्हिनायल आकसते, कडक होते आणि जिथे ताण एकवटतो तिथे, म्हणजे हवेच्या जाळीच्या कोपऱ्याशी किंवा स्क्रूच्या भोकाशी, फाटते. खोबरेल चोळल्याने गेलेले द्रव्य परत येत नाही, कारण ते तेल पीव्हीसीत मुरतच नाही. (सोयाबीनच्या तेलापासून बनवलेले एक द्रव्य पीव्हीसीत खरोखर वापरतात, पण त्यावर आधी रासायनिक प्रक्रिया झालेली असते आणि तेही गरम मिश्रणातच घालतात.) खोबरेल वरच राहते, आपल्याकडची सगळी धूळ ओढून घेते आणि डिसेंबरच्या सकाळी गोठून पांढरे दिसते.

थिनरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ते व्हिनायलची वरची पोत विरघळवते आणि उरलासुरला मऊपणाही ओढून घेते. पुसायला सौम्य साबणाचे पाणी आणि त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे आहे.

ड्रायरने कडा खाली बसतात, हे अर्धे खरे आहे. गरम व्हिनायल दाबले की वाकते. पण ते आकसलेले असल्यामुळे त्याला खाली बसायला जागाच उरलेली नसते आणि पुढच्या कडक उन्हात कडा पुन्हा वर येतात. वर वळलेला भाग धारदार पात्याने कापून काढणे हाच त्यावरचा इलाज आहे.

सर्वांत जास्त नुकसान गोंद-सोड्याने होते. सोडा पडताच गोंद क्षणात दगडासारखा घट्ट होतो आणि नेमका हाच गुण लोकांना भुरळ घालतो. पण डॅशबोर्ड ही हलती वस्तू आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टेम्पी येथे झालेल्या अभ्यासात (२०१८) बाहेर ३८ अंशांहून अधिक तापमान असताना, तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, तर सावलीतल्या गाड्यांचा ४८ अंशांवर राहिला. परभणी-नांदेडचा मे महिना याहून सौम्य नसतो. रोज तापून फुगणाऱ्या आणि रात्री आकसणाऱ्या व्हिनायलच्या मधोमध कडक पाचर ठोकली, तर ताण पाचरीच्या कडेला जातो. असे ‘दुरुस्त’ केलेले डॅशबोर्ड जवळून पाहावेत: मध्ये पिवळट पांढरी, खरखरीत वरंबी आणि तिच्या कडेने समांतर गेलेली नवी बारीक चीर. ती वरंबी पॉलिश पेपरने घासू गेल्यास गोंद जागचा हलत नाही, शेजारचे मऊ व्हिनायलच झिजते.

भरायचेच असेल तर लवचीक भरणी हवी. व्हिनायलसाठीचे युरेथेन किंवा लवचीक इपॉक्सी त्यासाठी मिळते. तड्याच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचे गोल भोक पाडावे म्हणजे तो पुढे धावत नाही, कडा आत उतरत्या कापाव्यात, भरणी पातळ थरांत द्यावी आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. पत्र्यावर मारायची नेहमीची लांबी (पुट्टी) इथे चालत नाही. तीही गोंदासारखीच कडक होते. शेवटी पोत उठवून व्हिनायलचा रंग द्यावा.

इथेच पॉलिश आडवे येते. चकचकीत पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन तेल असते आणि त्यावर ना भरणी धरते ना रंग. रंगात गोल खळगे पडतात. आधी पॉलिश मारलेले असल्यास ते ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने अनेकदा पुसूनच पेपर मारावा, नाहीतर घासताना सिलिकॉन आणखी आत जाते.

राहिला ‘कायमचे’ हा शब्द. लवचीक भरणीही कायमची नसते, कारण शेजारचे व्हिनायल आकसतच राहते. एक-दोन तडे असतील तर भरावेत. पण आतला फोम पिवळा पडून बोटाने चुरा होत असेल, तर डॅशबोर्ड काढून नव्या फोमवर रेक्झिन चढवून घेणे अधिक शहाणपणाचे. त्यातही साधे सोल्युशन उन्हात मऊ होऊन रेक्झिन खोलगट भागातून सुटते, म्हणून उष्णता सोसणारे चिकटद्रव्य वापरणार का, हे काम देण्यापूर्वीच कुशनवाल्याला विचारून घ्यावे.