रेकॉर्ड लिहिताना पाणी कुणाचं तेही लिहा

गेल्या महिन्यात ऑफिसमधला एक मित्र मला त्याच्या सासऱ्यांच्या रँचवर घेऊन गेला, तिथे त्यांचं स्वतःचं तळं आहे. काठावर टायमरवाला फीडर, ठरल्या वेळी दाणे पाण्यात पडतात, ते खायला बारके मासे गोळा होतात आणि त्यांच्यावर बास हे मोठे शिकारी मासे पोसतात. मी अर्ध्या तासात नऊ पौंडाचा बास काढला! आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा, आणि तरी गाडीत बसल्यावर मनाला काही समाधान वाटेना. लेक फोर्कवर, म्हणजे टेक्सासातल्या सगळ्यांना खुल्या तलावावर, दहा वर्षं जातोय मी, सहा पौंडाच्या वर कधी गेलेलो नाही.

टेक्सासात धरलेल्या मोठ्या माशांचे रेकॉर्ड सार्वजनिक पाण्याचे वेगळे आणि खाजगी पाण्याचे वेगळे ठेवतात, ते अगदी बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे. सार्वजनिक यादीतला सगळ्यात मोठा लार्जमाउथ बास (बासचीच एक जात) 18.18 पौंडाचा, जानेवारी 1992, लेक फोर्क, बॅरी सेंट क्लेअर. तो बासच्या मागे नव्हताच, गळाला मिनो, म्हणजे बारका मासा, लावून क्रॅपी नावाचे लहान मासे धरायला बसला होता. त्या दिवशी त्याच्या जागी कुणीही असू शकलं असतं, तुम्ही, मी, शेजारचा प्लंबर, म्हणून तो आकडा मला मोठा वाटतो. तिथला मासा वर्षानुवर्षं हजारो गळ चुकवून मोठा झालेला असतो, तळ्यातल्याला तेवढं काही बघावंच लागत नाही. काही मालक तर बारके बास मुद्दाम काढून टाकतात, उरलेल्यांना खायला जास्त मिळावं म्हणून.

यावर लोक लगेच म्हणतात, अरे लेक फोर्क तरी कुठे नैसर्गिक आहे, धरणच ते, बासही फ्लोरिडा जातीचे आणून सोडलेले. खरंय. पण मासा कुणी सोडला हा माझा मुद्दाच नाहीये, गेट कुणासाठी उघडं आहे हा आहे. कॅनडात लेक डिफेनबेकरवर 2009 मध्ये शॉन कोनराडने 48 पौंडाचा रेनबो ट्राउट धरला, वर्ल्ड रेकॉर्ड. तिथले मासे फिश फार्ममधून निसटलेले, ट्रिप्लॉइड म्हणजे वांझ, अंडी घालण्यात ताकद जात नाही म्हणून वाढतच राहतात, आणि त्यावरून केवढा वाद झाला! हा कसला ट्राउट, रेकॉर्ड काढून टाका वगैरे. मला तरी ते रेकॉर्ड चालतं, कारण ते पाणी सगळ्यांचं होतं, तो मासा दुसऱ्या कुणालाही लागला असता. उलट रँचवर जायला आधी मित्राला सासरे असावे लागतात.

त्या काकांनी तळ्यावर वीस वर्षं घातलीत हो, मेहनत आहेच, आणि खाजगी यादीत मासा धरणाऱ्यापेक्षा वाढवणाऱ्याचं नाव आधी यायला हवं असं मला मनापासून वाटतं. फोटो खाली टाकलाय, नऊ पौंड, खाजगी तळं, तळं काकांचं. शनिवारी परत फोर्कला जातोय, कुणाला यायचं असेल तर सांगा, पहाटे पाचला निघू.