खाडीचा गाळ पालकाला घालू नका

ऐरोलीच्या माझ्या मावशीने गेल्या रविवारी ठाणे खाडीतला दोन पोती गाळ आणवला आणि गच्चीवर पसरला. कारण एक मेसेज: ‘खाडीचा गाळ म्हणजे काळं सोनं. फ्लेमिंगो येतात म्हणजे खाडी शुद्ध. भरती-ओहोटी घाण धुऊन नेते. तरी शंका असेल तर आठ दिवस उन्हात वाळवा, विष उडून जातं. मग पालक-मेथीला घाला.’ हाच मेसेज मला तीन ग्रुपांवर आलाय. आता पुरे झालं.

आधी उन्हाचं, कारण सगळ्यात घातक तेच आहे. शिसं, कॅडमियम, तांबं हे धातू आहेत. ते उन्हाने उडत नाहीत, कुजतही नाहीत. खाडीच्या तळाशी चिखलात हवा पोचत नाही, तिथे हे धातू बरेचसे गंधकाशी बांधलेले असतात. तो काळा रंग मुख्यतः लोह-गंधकाच्या संयुगाचा, सोन्याचा नव्हे. कुजक्या अंड्यासारखा वासही गंधकाचाच. हा गाळ हवेत पसरला की आम्ल तयार होतं आणि बांधलेले धातू सुटे होतात. म्हणजे आठ दिवस राबून मावशीने विष घालवलं नाही, मुळांना शोषता येईल असं करून ठेवलं. त्यात पालक ही कॅडमियम पानांत साठवण्यात पुढे असलेली भाजी! खाडीच्या गाळातलं मीठ वेगळंच.

भरती धुऊन नेते म्हणे. ठाण्याकडे खाडी अरुंद होत जाते, पाण्याचा जोर कमी होतो. धातू बारीक मातीच्या कणांना चिकटतात आणि कण तळाला बसतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६०च्या दशकापासून कारखाने आहेत, शिवाय दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी. आज नाले बंद केले तरी जुने थर जागच्या जागी राहणार. जपानमधल्या मिनामाटात कारखान्याने पाऱ्याचं सांडपाणी १९६८ साली थांबवलं. तरी तिथल्या उपसागरातला गाळ उपसून बंदिस्त करण्याचं काम १९७७ ते १९९० चाललं. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेलं जाळं निघालं १९९७ साली. भरती-ओहोटी तिथेही होतीच की.

फ्लेमिंगोंचं थोडक्यात. २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, दोन्हींचा आनंदच आहे. पण तो दर्जा पाणथळीचं महत्त्व सांगतो, पाण्याची शुद्धता नाही. लहान फ्लेमिंगो (पिल्लं नव्हेत, ‘लेसर फ्लेमिंगो’ ही जात) शैवाल खातात, आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल पोसतं.

गाळ सुपीक असतो हे मान्य करावं लागेल. २०१७च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तोच शेतात टाकतात. पण तो धरण-तलावांचा, कारखान्यांच्या खाडीतला नव्हे.

मावशीने पोती बांधून झाकून ठेवली आहेत. तुम्ही गाळ घातला असेल तर त्या कुंडीतली पालेभाजी खाऊ नका. माती तपासायला द्याल तेव्हा जड धातूंची चाचणी मुद्दाम मागा; नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाशच्या अहवालात ते दिसत नाहीत.