‘ऑइलमध्ये एक बाटली टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. बाइकचं ऑइल बदलताना त्यात ॲडिटिव्हची, म्हणजे ऑइलचा गुण वाढवतं म्हणून विकल्या जाणाऱ्या रसायनाची, छोटी बाटली ओता. आतून टेफ्लॉनचा नाहीतर सिरॅमिकचा थर बसतो, ॲव्हरेज साठवरून सत्तरवर जातं, इंजिनाचा आवाज बंद होतो, ऑइल दुप्पट किलोमीटर चालतं. पुरावा म्हणून सोबत फिरत्या चाकावर बेअरिंग दाबून दाखवणाऱ्या मशीनचा व्हिडिओ असतो. साधं ऑइल घातलं की मशीन किंचाळून अडकतं, ॲडिटिव्ह घातलं की मुकाट फिरत राहतं.

लोकांना पटतं ते हे मशीन, म्हणून आधी त्याकडेच वळू. प्रचंड दाबाखाली धातूवर धातू घासला तर काय होतं, एवढंच ते दाखवतं. क्लोरीनयुक्त रसायनं या परीक्षेत हमखास पास होतात. शाम्पूसुद्धा त्यावर बरे मार्क मिळवतो, आणि शाम्पू इंजिनात ओतायला कुणी तयार होणार नाही. क्लोरीनची रसायनं उष्णता आणि ओलावा मिळाला की आम्ल तयार करू शकतात, आणि ते धातू खातं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने 2001 मध्ये ‘झीमॅक्स’ या ॲडिटिव्हच्या विक्रेत्यांवर दावा लावला, तेव्हा आरोपच असा होता की त्यांनी स्वतः करवून घेतलेल्या चाचणीत ॲडिटिव्हवाल्या ऑइलने बेअरिंगचं क्षरण साध्या ऑइलच्या दुपटीहून जास्त झालं होतं. त्याआधी 1997 मध्ये टेफ्लॉनवाल्या ‘स्लिक 50’ला याच आयोगापुढे, पुराव्याशिवाय असे दावे करणार नाही, हे मान्य करावं लागलं. ही सगळी प्रकरणं मोटारींची. बाइकचं दुखणं त्याहून वेगळं आहे.

कारमध्ये इंजिन ऑइल फक्त इंजिनाचं काम करतं. आपल्याकडच्या बहुतेक बाइकमध्ये तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा, तिघांना पुरतं. पिस्टनला घर्षण कमी हवं असतं, क्लचला मात्र घर्षणच हवं असतं. हा तोल मोजण्यासाठी जपानचं जासो मानक आहे, 1998 पासूनचं. डब्यावर एमए किंवा एमए 2 लिहिलेलं असतं त्याचा अर्थ, या ऑइलमध्ये क्लच नीट पकडतो हे तपासलेलं आहे. तुम्ही वरून बाटली ओतली की डब्यातलं मिश्रण बदललं, आणि त्या शिक्क्यामागची चाचणी तुमच्या मिश्रणाची उरली नाही. घसरगुंडी वाढवणारं रसायन त्यात असेल तर खंबाटकीच्या चढाला ते कळतं: इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. दरवेळी असं होतंच असंही नाही. काही बाटल्या वेट क्लचला, म्हणजे अशा ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचला, चालतील असं लिहूनच विकल्या जातात. पण त्यानं फार तर नुकसान टळलं, फायदा अजून सिद्ध व्हायचाच आहे.

‘कंपन्या स्वतःच ऑइलमध्ये ॲडिटिव्ह घालतात, मग आणखी घातलं तर काय बिघडलं?’ हा त्यातला जरा हुशार प्रश्न. घालतात हे खरंच. झीज रोखायला झिंक-फॉस्फरसचं संयुग, मळ धुवायला डिटर्जंट, फेस होऊ नये म्हणून अगदी कणभर सिलिकॉन. पण धातूच्या पृष्ठभागावर जागा मर्यादित आणि ही सगळी रसायनं तिथे बसण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, म्हणून प्रमाण ठरलेलं असतं. जासोने फॉस्फरसलासुद्धा 0.08 ते 0.12 टक्के अशी खालची-वरची दोन्ही बंधनं घातली आहेत. बाटलीत नेमकं काय आहे हे बहुतेक लेबलांवर लिहिलेलंच नसतं, मग हिशोब करणार कसा?

घन कणांचा थर ही गोष्ट तर स्प्लेंडरसारख्या गाडीत आणखीच अवघड. तिच्यात कागदी फिल्टर नाही, जाळी आणि फिरता सेंट्रिफ्यूगल फिल्टर आहे. ऑइलहून जड कण गोळा करणं हेच त्या फिल्टरचं काम. टेफ्लॉन ऑइलच्या दुपटीहून जड, मॉलिब्डेनम डायसल्फाइड ही वंगणाची दुसरी पूड पाचपटीहून. थर बसायचा कुठे आणि साचायचा कुठे, विचार करा.

ॲव्हरेजबद्दल. साठचं सत्तर म्हणजे जवळजवळ 17 टक्के. इंधन वाचवण्यासाठीच बनवलेल्या कारच्या ऑइलांचा फायदा एक ते तीन टक्क्यांच्या घरात मोजला जातो. बाटली बहुधा सर्व्हिसिंगच्या दिवशी पडते. त्याच दिवशी ऑइल नवं, एअर फिल्टर साफ, चेन ताणलेली, टायरमध्ये हवा. श्रेय बाटलीला.

आवाज मात्र कधीकधी खरंच कमी होतो. बऱ्याच बाटल्यांत दाट पॉलिमर असतं, ऑइल घट्ट होतं आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, टकटक दबते. टॅपेटची फट तेवढीच राहते. सेकंडहँड गाडी घ्यायला गेलात आणि जुनं इंजिन संशयास्पद शांत वाटलं, तर ऑइल मोजायची काडी, म्हणजे डिपस्टिक, काढून ऑइल बोटांत चोळून बघा, वाजवीपेक्षा घट्ट तर नाही ना.

ऑइल दुप्पट टिकतं, हे तर सोडूनच द्या. 100 सीसीच्या बाइकमध्ये लिटरभरही ऑइल बसत नाही. त्यात काजळी आणि कच्चं पेट्रोल मिसळत जातं, गिअरचे दात त्याचा दाटपणा मोडतात. बाटली ओतून यातलं काही बाहेर येत नाही. लिटरभर चांगलं ऑइल साधारण बाटलीच्याच भावात मिळतं, तेच वेळेवर बदला.

गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, गिअर ऑइलही वेगळं, त्यामुळे तिथे क्लच घसरायची भीती नाही. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्येही क्लचचं ऑइल वेगळं. बाकीचे आक्षेप दोन्हीकडे तसेच.

आणि बाटली आधीच ओतली असेल, क्लच घसरत असेल, तर लगेच प्लेटा बदलू नका. आधी क्लच केबलला थोडा ढिलेपणा आहे का पाहा, ताणलेल्या केबलनेही हेच होतं. मग ऑइल काढून एमए 2चं नवं भरा, थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदला. तरीही चढाला इंजिन नुसतंच ओरडत असेल, तर मेकॅनिकला क्लच उघडायला सांगा.