वचन दुसऱ्याला लावण्याची सोपी पद्धत

ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नव्यानेच संदेश द्यायला लागलात? बायबल कॉलेजात वर्षं घालवायची काही गरज नाही. बायबलमधलं कुठलंही वचन समोर आलं की एवढंच बघायचं, हे महागात कुणाला पडणार? दुसऱ्याला पडत असेल तर "शास्त्रात लिहिलंय, तसंच घ्या." आपल्याला पडत असेल तर "याचा आत्मिक अर्थ समजून घ्या, बंधूंनो."

सराव बायकांपासून सुरू करा, सगळे तिथूनच करतात. १ तीमथ्य २:१२ (बायबलमधलं पत्र, अध्याय २, वचन १२), स्त्रीने शिकवू नये, हे शब्दशः. तीनच वचनं वर सोनं-मोती घालू नये असं आहे, तो मात्र त्या काळचा रिवाज. (गंठण घडवून झालेलं असतं, हॉल बुक असतो.) १ करिंथ ११, डोक्यावर पदर, हे शब्दशः, सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा. त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायात पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा म्हटलंय. छे छे, ती तिकडची संस्कृती! ११:५ मध्ये पत्र लिहिणारा प्रेषित पौल प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायकांबद्दलच बोलतोय, म्हणजे त्या सभेत बोलत होत्या, असं कुणी दाखवून दिलं तर लगेच आशीर्वाद देऊन उपासना संपवा.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात २२:११ मध्ये लोकर आणि ताग यांच्या मिश्र कापडाला मनाई आहे. चादरी-टॉवेलच्या गावात ते पान उघडूच नका.

नोहाच्या तारवाची (महापुरातल्या जहाजाची) मापं पाठ असू द्या. ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. सहाव्या अध्यायात प्राणी दोन-दोन आणि सातव्यात शुद्ध प्राणी सात-सात कसे, असं विचारणाऱ्याचा विश्वास कमी आहे. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या लोकांना ४० दिवसांचा पाऊस सांगताना चेहरा तेवढा गंभीर ठेवा.

आता पैसा. इथे खरं कसब. मार्क १०:२५, धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाला सुईच्या नाकातून जाणं सोपं. आणि पहिल्या बाकावर कोण बसलंय, तर नव्या हॉलच्या स्लॅबचे पैसे दिलेले बिल्डरसाहेब. मग काढा तो यरुशलेमचा दरवाजा! मोठी वेस रात्री बंद झाली की शेजारी 'सुईचं नाक' नावाचा छोटा दरवाजा, त्यातून उंट ओझं उतरवून, गुडघे टेकून आत यायचा. तात्पर्य काय, तर श्रीमंताने जरा नम्र व्हावं. परवाच्या रविवारी हे पुन्हा ऐकलं, उंटाच्या अभिनयासकट. अहो, असा दरवाजा होता याला काडीचा पुरावा नाही. यरुशलेमच्या तटबंदीचं बारीक वर्णन करणाऱ्या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकार जोसेफसकडे तो नाही, उत्खननात सापडलेला नाही. ही गोष्ट मध्ययुगात कुणीतरी जोडून दिली. येशू अशक्य गोष्ट बोलत होता आणि ऐकणाऱ्यांना ते कळलंही होतं. यहुद्यांच्या बाबेली तालमुद या धर्मग्रंथात तर सुईतून जाण्याच्या गोष्टीत उंटाऐवजी हत्ती आहे. पुढचं वचन वाचा ना! शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण होणार तरी कोणाचं? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे. गुडघे टेकून भागणार असतं तर थक्क व्हायचं कारणच काय होतं? वचन शब्दशः घेतल्याचा आव आणून त्याचा दातच काढून टाकलात. चार वचनं वर 'असेल-नसेल ते विकून गोरगरिबांना दे' आहे, ते प्रतीकात्मक. आणि मलाखी ३:१० चा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग? तो रुपया-पैशासकट शब्दशः, तोही कापून हातात येणाऱ्या नव्हे, पूर्ण पगारावर.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात श्वापदाचा आकडा आहे ६६६. तो म्हणजे आधी बारकोड, मग आधार, मग लस. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे आणि अक्षरांना आकडे देण्याच्या हिब्रू हिशेबात रोमचा सम्राट नीरो कैसर दोन्हींत बसतो, हे सांगितलं तर फॉरवर्ड कोण करणार?

तारण मिळालेल्या १,४४,००० जणांचा आकडा शब्दशः हवाच असेल तर प्रकटीकरण १४:४ झाकून ठेवा. तिथे ते सगळे स्त्रीसंग न केलेले आहेत. अख्खी कमिटी गळेल.

सगळंच प्रतीक मानणाऱ्यांनी हसू नये. जुन्या मंडळीतला मोठा धर्मपंडित ऑगस्टिन. त्याने चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लुटारूंनी जखमी केलेल्याला परका माणूस उचलून उतारशाळेत नेतो तो) उतारशाळा म्हणजे मंडळी आणि तिचा रखवालदार म्हणजे पौल असं बसवलं. जखमी माणूस आदाम झाला, की रस्त्यावर पडलेल्याला उचलायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

बास झालं. स्तोत्र हे गीत आहे, दाखला हा दाखला आहे, पत्र कुणाला तरी लिहिलेलं पत्र आहे आणि दर्शन हे दर्शन आहे. एवढं न बघता माईक हातात घेता कसे? तरुणसंघातलं पोरगं विचारतं, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी झाला तर आधीचे तीन दिवस मोजले कसे? हाच प्रश्न ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तिसऱ्या शतकात मांडला होता. ग्रह-ताऱ्यांबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलला तर बाहेरचे पवित्र शास्त्रालाच हसतात, हे त्याच ऑगस्टिनने पाचव्या शतकात बजावून ठेवलंय. आणि तुम्ही काय करता? त्या पोराच्या घरी जाऊन आईबापांना सांगता, मुलगा बहकलाय. लाज वाटू द्या थोडी. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, आठवडाभर वाचा आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्याला उत्तर द्या.